बबनची हॉटेलं आणि त्यांची मागची बाजू

बबन, उतरवायला घेऊन आज चौथा दिवस, आणि मांडवाची तुझी कमान अजून उतरलेली नाही.

घोडेगावच्या बाहेर, नवरीच्या वडिलांच्या शेताच्या तोंडाशी ती जवळजवळ जशीच्या तशी उभी आहे. पांढऱ्या भिंती, निळे घुमट, समुद्राकडं उतरणाऱ्या पायऱ्या. समुद्राच्या जागी त्यांची कांदाचाळ. लग्नाला दोन आठवडे झाले. तुझा दहावा झाला, तेरावाही झाला. तोवर आपल्या माणसांनी बांबूला हात लावायला नकार दिला आणि मीही आग्रह धरला नाही. आता मुलीच्या वडिलांना पावसाच्या आत नांगर घालायचाय. भला माणूस आहे. रोज सकाळी बांधावर येतो, तंबाखू मळत उभा राहतो आणि काही न बोलता परत जातो. काल मात्र त्याला राहवलं नाही. "शेठ, कोयता लावा आन् मोकळं करा," म्हणाला.

सोपाननं माझ्याकडं पाहिलं. सोपान बारा वर्षं तुझ्या हाताखाली काम करतोय, केस पांढरे झाले त्याचे, पण कोणती गाठ आधी सोडायची हे त्याला सांगता येत नाही. तू सगळं बांबूत आणि काथ्यात बांधायचास. खिळा नाही, नट नाही, आणि कापाकापी तर नाहीच. शेवटची गाठ आधी सोडायची, मग तिच्या अगोदरची, असं करत गेलं की न्याहारीला हात घातलेली कमान जेवणाच्या आत ट्रकमध्ये जायची आणि सगळा काथ्या पुढच्या लग्नाला मिळायचा. पण कोणती गाठ शेवटची, हे फक्त तुझ्या डोक्यात. अरे, कुणाला तरी दाखवून ठेवायचं होतंस. चार दिवसांत माझ्या बोटांची सालटी निघाली आणि दोन घुमटांपैकी एक, तोही निम्माच, खाली आलाय. काल मी शेतात उभा राहून तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. मुलीच्या वडिलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कोयता मात्र लावू दिला नाही.

आपण धंदा सुरू केला तेव्हाचं तुला आठवत असेल. माझं जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. तू राजुरीचा, दोघं भाऊ शेतीत आणि तुझं मन शेतीत नाही. श्रावणात आणि शिवरात्रीला तू भीमाशंकरच्या पायऱ्यांवरच्या दुकानांना ताडपत्र्या बांधून द्यायचास आणि ताडपत्री घ्यायला माझ्याकडं यायचास. असंच एकदा मापं काढता काढता ठरलं की कापड माझं, हात तुझे, आणि लग्नांचे मांडव घालायचे. बोर्डावर नाव माझ्या दुकानाचं लागलं, कारण ते लोकांना माहीत होतं. तू म्हणालास, नावानं काय फरक पडतोय. मला ते लगेच पटलं. स्वतःच्या फायद्याचं मला नेहमीच लगेच पटत आलंय.

हॉटेलांचं खूळ नंतरचं. पुण्यात रद्दीच्या एका दुकानात तुला ते जाडजूड परदेशी पुस्तक सापडलं, जगातली भारी भारी हॉटेलं, पानभर फोटो. इंग्रजी तुला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवायला लागलो की तू हात करून थांबवायचास. तू तुझी नावं ठेवलीस. एक शिडाचं. एक बर्फाचं, जे म्हणे दर हिवाळ्यात नवं बांधतात आणि उन्हाळ्यात वितळून जातं. त्या एका हॉटेलवाल्यांना मांडवाचं कळतं, असं तुझं मत होतं. एक तीन मनोऱ्यांवर होडी ठेवलेलं. हे होडीचं तू नारायणगावच्या एका द्राक्षवाल्याच्या मुलाच्या लग्नात केलंस, आणि फोटोत होडी दिसते म्हणून डिंभ्याच्या धरणावरच्या कोळ्याकडून खरोखरीची मासेमारीची होडी आणून तीन बांबूच्या मनोऱ्यांवर चढवलीस. नवरदेवाच्या मामानं खालून जायला साफ नकार दिला. वरातीनं बाजूच्या उसातून वाट काढली. सगळे शेवाळाच्या आणि माशांच्या वासानं हैराण आणि तू खाली उभा राहून लोकांना पटवतोयस की गाठी माझ्या हायेत, होडी हलणार न्हाय. ती हललीही नाही. पण त्यानंतर वर्षभर पेठेत मला सगळे नावाडी म्हणायचे.

बर्फाचं केलंस ते ऐन मे महिन्यात, पांढरं कापड आणि थर्माकोल लावून, बेचाळीस अंशांत. आत येणारी माणसं पदरानं वारा घालत येत होती आणि तरी थंड वाटतंय म्हणत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू नुसता मांडववाला नाहीस. हे तुला मी सांगितलं का? नाही सांगितलं. थर्माकोल जास्त लागला म्हणून कुरकुर केली.

आणि त्या पुस्तकातलं ते खडकात कोरलेलं हॉटेल, तुर्कस्तानातलं. त्यावर तर आपली कायमची वादावादी. मी म्हणायचो, बघ, डोंगर पोखरून खोल्या, काय डोकं आहे लोकांचं. तू म्हणायचास, शेठ, लेण्याद्रीला जाऊन या. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं घाटातनं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेवर हेच केलेलं, प्रत्येकाला वेगळी खोली, दगडाचा पलंग, पुढं पडवी, प्यायला पाण्याचं टाकं. मी म्हणायचो, ते भिक्षूंसाठी, त्याला हॉटेल म्हणत नाहीत. मग एकदा तू लेण्याच्या आतल्या भिंतीला पाठ टेकवून बसलास आणि म्हणालास, "ह्ये एकच असं हाय बघा, ज्याला मागची बाजूच न्हाय. मागं समदा डोंगर." मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोयस.

मागची बाजू. बावीस वर्षं तू हे एकच विचारत राहिलास. नवीन फोटो दाखवला की तुझा पहिला प्रश्न तोच, ह्ये मागनं कसं असंल? शिडासारखं हॉटेल मागून कसं असेल, वाळवंटातलं मागून कसं, आणि माल कुठनं चढवत असतील? मी चिडायचो. फोटोवाल्यानं जगातली सगळ्यांत सुंदर बाजू काढून दिलीय, ती बघ ना. तर तू पान उलटून पाठीमागं बघायचास, जणू तिकडं ती बाजू छापली असेल. पाठीमागं दुसऱ्या हॉटेलची पुढची बाजू असायची. तुला त्याचा खरंच राग यायचा. भीमाशंकरला दोन पावसाळे तू दुकानांच्या मागं ताडपत्रीत काढले होतेस, तिथंच चूल, तिथंच अंथरूण, आणि पुढून ती दुकानं लाल पिवळी फुलं लावलेली. तू त्याबद्दल फार बोलला नाहीस आणि मी फार विचारलं नाही.

राजस्थानचं लिहायचं नव्हतं. पण ते टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न, तळ्याकाठच्या महालात, ज्याचं आता हॉटेल केलंय. मी हट्टानं तुला नेलं. आयुष्यात एकदा खरं हॉटेल बघ म्हटलं. तुला नवा पांढरा सदरा शिवला. संगमरवरी कमानी, पाण्यात पडलेले दिवे, गालिचे, हे सगळं तू दहा मिनिटं पाहिलंस आणि नाहीसा झालास. जेवणाच्या वेळी तिथला एक मॅनेजर तुला दंडाला धरून घेऊन आला. तू धोबीखान्यात सापडला होतास, धुणाऱ्यांबरोबर चहा पीत. माझे सगळे नातेवाईक उभे. मॅनेजरनं मला विचारलं, "ये आपके साथ हैं?" आणि मी म्हणालो, "हमारा आदमी है, काम पे है."

तू माझ्याकडं पाहिलंसही नाहीस. मला वाटलं, ऐकलं नसेल. परतीच्या गाडीत तू चारशे चादरी वाळत घातलेल्या गच्चीबद्दल बोलत राहिलास, वारा आला की समद्या एकदम उठत्यात म्हणालास, पुस्तकात असा एक फोटो न्हाय. मी खिडकीबाहेर बघत हं हं करत होतो. आमच्या जैनांत संवत्सरीला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, वर्षभरात जाणता अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. मी पेठेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन म्हणतो, ज्यांच्याशी वाकडं आहे त्यांनाही म्हणतो. त्या वर्षी तू दुकानात बसलेलास आणि हसत म्हणालास, "शेठ, समद्यांची झाली, माझी राह्यली." मी म्हणालो, तू तर घरचाच. केवढी सोयीची गोष्ट होती ती. घरच्यांची माफी मागावी लागत नाही.

मग हे शेवटचं लग्न. मुलीनं फोनवर फोटो दाखवला, समुद्रकाठच्या डोंगरउतारावरचं पांढरं हॉटेल, निळे घुमट. तू तिला विचारलंस, बाई, हे मागनं कसं असंल, आणि ती हसायला लागली. सोमवारपर्यंत पुढची बाजू उभी राहिली. खोटं नाही सांगत, घोडेगावच्या उन्हात ते घुमट असे दिसत होते की रस्त्यावरच्या एसटीतून लोक वाकून बघत होते. मंगळवारी दुपारी मी आलो तर तू मागं होतास. हातातला काथ्या तसाच धरून बाहेर आलास.

"शेठ, या बारीला मागं बी चांगलं कापड लावू. पुढं लावलंय तसंच, पांढरं."

मी विचारलं, किती. तू आठ तागे म्हणालास आणि एक दिवस जास्तीचा. माझं डोकं फिरलं. ऊन होतं, त्यात दुसऱ्या गावचं गिऱ्हाईक फोनवर होतं. मागं कोण फोटो काढतंय, म्हणालो. तू म्हणालास, फोटो न्हाय काढत, पण मागं बी माणसं असत्यात. तू थांबला असतास तर बरं झालं असतं, पण तू नेहमीसारखा हसलास, आणि ते माझ्या अंगाला झोंबलं.

"तुझी हौस तुझ्या घरी कर," मी म्हणालो. "माझ्या मांडवात नको."

सोपान तिथंच होता. तू हात सदऱ्याला पुसलेस आणि मागं गेलास. मी गाडीत बसून जुन्नरला आलो. बुधवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या भावाचा फोन आला.

शुक्रवारी लग्न झालं. मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, दुसरं काही करू का, कमान उतरवू का. ते म्हणाले, नको, त्यांच्या हातची हाय, राहू द्या. पाहुणे आले, त्या पायऱ्यांवर बसून शेकड्यांनी फोटो काढले. मी पुढं, नेहमीच्या जागी उभा होतो, जिथं उभं राहिलं की लोक येऊन हात मिळवतात आणि शेठ, कमाल केलीत म्हणतात. सगळ्यांनी मिळवले. मी आभार मानले. त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की जेवायला बसलो नाही.

तेरा दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की तू माझ्या त्या शब्दावर रुसून घरी गेलास आणि त्या रागानं तुझा जीव घेतला. डॉक्टरांनी झोपेत हृदय थांबलं असं सांगितलं तरी. तेराव्याला शेवटी सुमनवहिनींना विचारलं, मंगळवारी घरी येऊन काय म्हणाला. त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही. "काय न्हाय म्हणाले. जेवले. सकाळी लवकर उठव म्हणाले, मागचं राह्यलंय."

म्हणजे तू येणार होतास. मी नको म्हटलेलं कापड कुठूनतरी पैदा करणार होतास आणि माझ्या नाकावर टिच्चून मागचं पुरं करणार होतास. मी तेरा दिवस तळमळत होतो आणि तू माझं बोलणं मनावरसुद्धा घेतलं नव्हतंस. वहिनींच्या समोर मला हसू आलं आणि मग आवरेना, आणि ते हसू नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं.

तरी मी हट्टी तो हट्टीच. सोमवारी तुझा तेरावा झाला, मंगळवारी उतरवायला सुरुवात केली. सोपान पहिल्याच दिवशी म्हणाला होता, शेवटचं काम मागं चाललं व्हतं, गाठ तिकडंच असंल. मी म्हणालो, वरून सुरू करा, घुमटापासून. मागं जायचं म्हणजे जिथं तू माझं ऐकून घेऊन गेलास तिथं जायचं. तीन दिवस फुकट घालवले. आज सकाळी मुलीचे वडील पुन्हा बांधावर आलेले पाहिले आणि मुकाट्यानं कमानीला वळसा घातला.

बबन, बावीस वर्षांत मी आपल्या एकाही कमानीच्या मागं गेलो नव्हतो. हे मला आज चालता चालता कळलं.

मागं तू अर्धं हॉटेल बांधून ठेवलंयस. भिंतीला टेकून लांब उतरती सावली, जाडजूड बांबूंचा बाक, त्याच्या शेजारी कपडे अडकवायला खुंट्या. एका कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी आडोसा, आत उभं राहता येईल एवढा. जिथं कापड पुरलं नाही तिथं आपल्या गोडाऊनमधल्या जुन्या चादरी. त्यांच्यावर डाळीचे डाग, बाकाखाली पत्रावळ्या, विडीची थोटकं. शुक्रवारी इथं माणसं बसली होती. मी सोपानला विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, आचारी, वाढपी, बँडवाले, समदे हितंच बसले, जेवले. बबनभाऊंनी आठ दिवस आधी आचाऱ्याला विचारून घेतलं होतं, माणसं किती, भांडी कुठं घासणार, वाढायला येणाऱ्या बायांना साडी बदलायला जागा लागेल का.

मी म्हणालो, आणि याआधी?

"दर लग्नाला व्हतं की," सोपान म्हणाला. "उरल्यासुरल्या कापडाचं. होडीच्या येळेला व्हतं, बर्फाच्या येळेला व्हतं. मागची माणसं आपल्या मांडवाला लई चांगलं म्हणायची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी कधी इचारलंच न्हाय, शेठ."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. तू बावीस वर्षं मला फोटो दाखवून विचारत होतास, मागनं कसं असंल, आणि मला वाटायचं तुला त्या परदेशी हॉटेलांचं कुतूहल आहे. मी एकदा उलटा प्रश्न विचारला असता, आपलं मागून कसं आहे रे, तर तू हाताला धरून नेऊन दाखवलं असतंस. पण तू तरी सरळ का नाही बोललास? मी नाही म्हणेन म्हणून? म्हणालोच असतो. पण दुसऱ्यांदा नसतो म्हणालो. तिसऱ्यांदा तरी नक्कीच नसतो. एवढी खात्री तुला माझी नव्हती का?

गाठ सापडली. बाकाच्या टोकाला, अर्धवट मारलेली, त्या मंगळवारी तुझ्या हातून तशीच राहिलेली. सोपान म्हणाला, सोडू का, आता सगळं पटापट येईल. मी म्हणालो, उद्या. मुलीच्या वडिलांना जाऊन सांगितलं, एक दिवस द्या. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू पुढं केली. मी खात नाही, तरी घेतली.

दुकानातून आठ तागे मागवलेत, पांढरे. सोपान आणि मी दुपारपासून लावतोय. उद्या हे सगळं उतरवायचंय, मग लावताय कशाला, असं तोही विचारत नाही. माझे कोपरे वाकडे बसतायत. तू असतास तर दोनदा उसवायला लावले असतेस. मधे दम लागला म्हणून बाकावर बसून हे लिहितोय. मला तुला एवढंच म्हणायचं होतं की मांडव आपला होता. मंगळवारी म्हणायला हवं होतं, तळ्याकाठी त्या मॅनेजरसमोर म्हणायला हवं होतं, बावीस वर्षांत कुठल्याही दिवशी दुकानात चहा पिताना म्हणता आलं असतं. तू एकदाही ते माझ्याकडून म्हणवून घेतलं नाहीस आणि मी एकदाही आपणहून म्हणालो नाही, आणि आता हा राग तुझ्यावर काढू की माझ्यावर, ते मला ठरवता येत नाही.